माझा गुडघा आणि आतोबा

कागदावर लिहिलेलं अक्षरन्‌अक्षर पाळणारा माणूस साऱ्या मावळात एकच आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. राहतात लोणावळ्यात. उभी हयात रेल्वेत गँगमन म्हणून घाटातल्या रुळांवरून चालण्यात गेली. लेखी हुकमाशिवाय बोल्टला हात लावायचा नाही ही तिथली शिस्त; निवृत्त झाल्यावर ती त्यांनी घरी आणली. एकदा भर पावसाळ्यात बिस्किटांच्या पुड्यावर 'कोरड्या जागी ठेवावे' असं छापलेलं त्यांनी वाचलं. पुडा हातात धरून घरभर फिरले, भिंतींना हात लावून पाहिले, फळीवरचे डबे हलवले आणि अर्ध्या तासानं तो दुकानदाराला परत करून आले. "लोणावळ्यात ही जागा न्हाई," एवढंच त्याला म्हणाले.

अशा माणसाच्या हाती माझा उजवा गुडघा पडला. मी कबड्डी खेळते. इंदुरीतल्या आमच्या नेहमीच्या मैदानावर चढाईला गेले असताना पाय रोवून गर्रकन वळले, आतून टक्कन आवाज आला आणि मी खाली बसले ती उठलेच नाही. लिगामेंट तुटलं होतं. पुण्यात ऑपरेशन झालं, आणि मी घोरावाडीच्या आमच्या घरी कॉटवर येऊन पडले. आईबाबा दोघंही कंपनीत जाणारे, त्यामुळं दिवसा जवळ कुणीतरी हवं होतं. आत्याची कंबर धरलेली, म्हणून तिनं नवऱ्याला धाडलं. "चार दिवस ठेवून घ्या, मलाही जरा निवांतपणा," असं फोनवर म्हणाली. त्या चार दिवसांचे सात महिने झाले.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायामाचा कागद दिला होता. आतोबांनी तो भिंतीवर चिकटवला, चष्मा लावून तीनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्या उशाशी उभे राहिले. "चला. टाच सरकवणे, धा येळा." नववी टाच सरकवून मी दहा म्हटलं तर म्हणायचे, "न्हाई, ही नववी. धाव्वी अजून यायचीय." शेजारच्या काकू कसलंसं तेल घेऊन मालिश करायला आल्या, तर हे दारातच आडवे. "मावशी, कागदावर तेल न्हाई." काकू त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, तेलापेक्षा त्या मावशीचाच त्यांना जास्त राग आला. मॅडमसमोर मात्र आतोबा शाळेतल्या पोरासारखे उभे राहायचे. एकदा त्यांनी अगदी गंभीरपणे शंका काढली, "म्याडम, हितं लिवलंय, सहन होईल तितकं वाकवा. ते हिला सहन होईल तितकं, का मला? हिला तर मी बोललेलंबी सहन होत न्हाई."

दीड महिन्यानं एका दुपारी मी दोन्ही मांड्या शेजारी ठेवून पाहिल्या. उजवी निम्मी झाल्यासारखी वाटली. ज्या पायावर पाचजणींना ओढत रेषेपर्यंत नेलं होतं, तो हा. मला रडू फुटलं. आतोबा गोंधळले. भिंतीवरच्या कागदापाशी गेले, वरून खालपर्यंत वाचून आले. "रडायचं लिवलेलं न्हाई," ते म्हणाले, "पर लिवायचं ऱ्हायलं असंल. धा मिनटं रड." आणि घड्याळाकडं बघत खरंच स्टुलावर बसून राहिले. माझं रडणं सहाव्या मिनिटाला हसण्यात संपलं, तरी त्यांनी उरलेली चार मिनिटं मला दिली.

चौथ्या महिन्यात निवड चाचणी आली. गुडघा दुखत नव्हता, मी जिना चढत होते. मला वाटलं, झालं. मॅडमनी नऊ महिने मैदान बंद सांगितलेलं. पण आतोबा दुपारी लवंडलेले पाहून मी बूट घेतले आणि इंदुरीला सरावाला गेले. अंग गरम करून चढाईला निघणार, तोच मैदानाच्या कडेला टेम्पो थांबला. बनियन आणि घरातल्या स्लिपर घातलेले आतोबा उतरले, सरळ चालत आले आणि मध्यरेषेवर मांडी घालून बसले.

"आता खेळ," म्हणाले.

मुली हसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्ही माझे कोण लागता?" मी सगळ्यांसमोर ओरडले. "माझं वर्ष जातंय, तुमचं काय जातंय?"

त्यांनी मांडी मोडली नाही. तिथूनच म्हणाले, "पोरी, रूळ पक्का न्हाई दिसला की आमी गाडी थांबवायचो. लोक खिडकीतनं लय शिव्या द्यायचे. पर शिव्या देत देत घरी पोचायचे."

मी बूट काढले. त्याच टेम्पोतून आम्ही परतलो. घरी आईनं विचारलं, "कुठं गेला होता?" आतोबा म्हणाले, "पोरीला वारं खायाला न्हेलं व्हतं." आजवर त्यांनी ती गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. ते वर्ष गेलं ते गेलंच, गुडघा राहिला.

अकराव्या महिन्यात मी पहिला सामना खेळले, घोरावाडीतच. आतोबा लोणावळ्याहून मुद्दाम आले, पुढं बसले आणि सामनाभर फक्त माझ्या उजव्या पायाकडं बघत राहिले. आम्ही दोन गुणांनी हरलो. त्यांना ते मी सांगितल्यावर कळलं. "हरलो व्हय?" ते म्हणाले. "आसंल. वळलीस मातर झ्याक."

संध्याकाळी त्यांना लोणावळ्याच्या गाडीत बसवायला गेले. त्यांचे आभार कसे मानावेत, ते वाटेत जुळवत होते. स्टेशनच्या पुलापाशी त्यांनी कठडा धरला, एक पाय वर ठेवला, दुसरा त्याच पायरीवर ओढून आणला आणि थांबले. घाटातल्या खडीवर झिजलेले ते गुडघे माझ्या घरात सात महिने उठबस करत होते, आणि मला एकदाही दिसले नव्हते. मी हात पुढं केला. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "तू हो फुडं. तुला आता पळता येतंय."

मी पुढं झाले नाही. जुळवलेलं वाक्यही बोलले नाही. त्यांच्या शेजारून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, चढत राहिले.