नॉटिंगहॅमला नेलेला ताईत

हीथ्रोच्या कस्टम्सवाल्याने माझ्या बॅगेतल्या भाजणीचा दोनदा वास घेतला, पण चांदीच्या ताइताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला जरा अपमानच वाटला. अख्ख्या सामानात मोलाचं तेवढंच होतं.

ताईत माझ्या ताईचा. तिला दिवस गेले तेव्हा गावच्या गुरवाने तिच्याच हातून भूर्जपत्रावर मंत्र लिहवून घेतला आणि नळीत घालून लाखेने तोंड बंद केलं. पुढे तो तिच्या मुलीच्या, केतकीच्या गळ्यात आला. केतकी नीट बोलायला लागायच्या आत ताई गेली. आता नॉटिंगहॅमला केतकी स्वतः गरोदर होती. पहिल्या खेपेला मूल राहिलं नव्हतं, म्हणून २००६ च्या मार्चात मी पुण्याहून तो घेऊन निघाले.

विमानतळावर जावई आला होता. निखिल लंडनच्या एजवेअरला जन्मलेला. मराठी बोलतो आणि लिंगं वाटेल तशी वाटून टाकतो. मोटरवेवर दोन्ही बाजूंना हिरवं रान आणि त्यात मेंढ्या. सर्व्हिसेसला (रस्त्यावरच्या थांब्याला) व्हिनेगर शिंपडलेल्या चिप्स खाल्ल्या. मी पर्समधलं तिखट काढलं, तेव्हा निखिलनेही हात पुढे केला. माणूस आवडला मला.

त्या संध्याकाळी काळ्या दोऱ्यात ओवून ताईत केतकीच्या कमरेला बांधला. ती म्हणाली, "मावशी, आईचं अक्षर माझ्याकडे कुठेच नाही गं. इथे आहे, तर बघता येत नाही."

"ताईत उघडायचा नसतो," मी म्हटलं. निखिल तेव्हा खाली भांडी घासत होता.

शनिवारी पावसामुळे बागेचा बेत बारगळला आणि आम्ही जवळच्या गावातल्या लहानशा म्युझियममध्ये गेलो. तिथे काचेखाली विडीएवढी एक नळी होती आणि शेजारी तिच्यातून निघालेला चांदीचा पत्रा, उलगडून सपाट केलेला. रोमन अमलाच्या शेवटच्या काळातला ताईत! त्यावर ग्रीक अक्षरं, यहुद्यांच्या देवाचं नाव, देवदूत आणि कुठल्याच भाषेत नसलेले शब्द; जो देव पावेल तो पावो. खाली अर्थ दिला होता: सबिनाने जन्म दिलेल्या मार्कियाला बाळंतपणात सुखरूप ठेव. बापाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही, फक्त आईचं. केतकी बराच वेळ काचेला नाक लावून उभी राहिली, "आईचं अक्षरही असं दिसलं असतं तर," म्हणाली आणि निखिल तिच्याकडे बघत राहिला.

मी तिथल्या बाईंना विचारलं, "मग बाळंतपण नीट झालं का तिचं?"

"ते कुणालाच माहीत नाही, माय डक," त्या म्हणाल्या. (डक, म्हणजे बदक, हे तिकडचं लाडाचं संबोधन.)

सोमवारी मीच केतकीला स्कॅनला नेलं; निखिल घरी थांबला. निघताना तिने ताईत काढून ठेवला होता. बाळ छान होतं. आनंदात घरी परतलो, तर निखिल स्वयंपाकघरात चिमटा आणि भिंग घेऊन बसलेला. समोर टिश्यूवर तपकिरी भुगा.

"मी तिला सरप्राइज देणार होतो," तो म्हणाला. "तिच्या आईचा हँडरायटिंग. म्युझियममध्ये किती क्लिअर होती. मावशी, मी हातपण नाही लावला, सगळी तसाच पडला."

तो चांदीचा पत्रा होता आणि आपलं भूर्जपत्र, न्हाऊमाखूच्या तेलापाण्यात वर्षं काढलेलं. एक अक्षर उरलं नव्हतं. रागवायचं तरी कुणावर? त्याने तिच्यासाठीच केलं होतं. मला फार फार वाईट वाटलं. माझी ताई दुसऱ्यांदा गेली असं वाटलं.

केतकी रडली नाही. तिने भुगा चिमटीने नळीत भरला, मेणबत्तीच्या मेणाने तोंड बंद केलं आणि म्हणाली, "मावशी, बांध परत."

बाळंतपणाआधीच मला परतावं लागलं; तीही एक रुखरुख. हीथ्रोजवळच्या हाउन्सलोवरून विमान वर चढताना कौलांच्या रांगा दिसल्या आणि मग ढग.

मे महिन्यात केतकीचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. ताईत पाळण्याला बांधला होता.

"मावशी, ही मोठी झाल्यावर विचारेल, आत काय आहे. काय सांगू?"

"तुझ्या आजीने लिहिलंय, असं सांग," मी म्हटलं. "आणि काही झालं तरी उघडू देऊ नकोस."

फोन ठेवला आणि मग मात्र मला रडू आवरेना.