साळ्याचा रुसवा आणि पूर्वेची राणी

आधी चहा खाली ठेवा. हो, ठेवाच! मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माझ्या हातून जे झालं ते अख्ख्या चिखलीत कोणाच्या हातून झालं नसेल, आणि देव करो, होऊही नये!

मी इथे शाळेत गणित शिकवतो. म्हणजे माणूस तसा तर्काचा. निदान मला तसं वाटत होतं.

पोळ्याला आम्ही जानेफळला सासरी गेलो, तिथून हे सुरू झालं. माझा साळा गजानन, आम्ही त्याला गजू म्हणतो. शेती करतो, पण मोबाइलमध्ये डोकं भारी! त्यानं माझ्या मोबाइलवर राज्यांचा एक खेळ घालून दिला. एक राज्य माझं, एक त्याचं, बाकीची कंप्युटरची. तो जानेफळात बसून चाल करणार, मी चिखलीत.

आता काय सांगू तुम्हाला त्या खेळाची गंमत! कंप्युटरचे जे राजे असतात ना, त्यांचं तुमच्याबद्दल मत असतं. मत! राजाच्या नावावर बोट ठेवलं की त्याचा चेहरा दिसतो, हसरा नाहीतर आंबट, आणि तो तसा का, तेही खाली लिहिलेलं. दूत पाठवला, खूश. दिलेला शब्द मोडला, नाराज. सैन्य त्याच्या सीमेजवळून नुसतं फिरवून आणलं, तरी नाराज! भेट पाठवली की राग जरा उतरतो, पण सारख्या भेटी पाठवल्या तर त्याला संशय येतो. काळ गेला की बारीकसारीक गोष्टी विसरतो, शब्द मोडलेला मात्र काही केल्या विसरत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये इतकी माणुसकी नाही हो!

मी तर पार वेडा झालो. पेपर तपासताना पोरांचे मार्क देतोय आणि डोक्यात चालू आहे, उत्तरेचा राजा आज काऊन तोंड पाडून बसला असेल?

या खेळात पूर्वेला एक राणी होती. कंप्युटरचीच. तिच्याकडे समुद्राचं बंदर. गजूचा त्या बंदरावर डोळा, म्हणून त्यानं सुरुवातीलाच माझ्याकडून शब्द घेतला होता, "भाऊजी, राणीशी तुम्ही काही बोलणी करायची नाही हां!" मी म्हटलं, "हाव." आणि पुढे केली बोलणी. मोह झाला, दुसरं काय! राणीशी व्यापाराचा तह केला.

झालं! पुढच्याच चालीला गजूच्या राज्यातून निरोप. निरोप इंग्रजीत येतात, मी मराठीत सांगतो: "तुम्ही शब्दाला जागला नाहीत. हे आम्ही विसरणार नाही."

मी हसलो. म्हटलं, साळा जोरात आहे!

पण नंतर बघतो तर गजूच्या नावाशेजारीही चेहरा! आधी तिथे चेहरा नव्हता. आता आला, आणि आला तो असा की जणू कच्ची चिंच चावलीय. मला वाटलं, खेळात काहीतरी सुधारणा झाली असेल. हो, हो, हसा तुम्ही!

मी खेळातूनच त्याला लिहिलं, "गजू, रागावला का बे?" उत्तर नाही. मी त्याला घोडे भेट पाठवले. निरोप आला: "तुमच्या भेटीमागचा हेतू आम्ही ओळखून आहोत."

सख्ख्या भाऊजीला ही भाषा?

फोन लावला, तर उचलला नाही. परत लावला, बंद! त्यात सासऱ्यांचा फोन आला वंदनाला. वंदना म्हणजे आमची सौभाग्यवती, गजूची मोठी बहीण. गजूसाठी उंद्री गावची मुलगी पाहिली होती, दोन्हीकडून पसंतही पडली होती. आता रविवारी मुलीचे वडील घर पाहायला, बोलणी करायला जानेफळला येणार, तर तुम्ही दोघं या.

"गजूनं नाही केला फोन?" मी विचारलं.

"बाबानं केला ना! त्यानं कायले पाह्यजे?"

तिला कळलं नाही, मला कळलं. साळ्यानं स्वतः बोलावलं नाही! आणि त्याच दिवशी खेळात निरोप: "आमच्या आणि तुमच्या घराण्यांत आता युद्ध आहे."

घराण्यांत! शब्द बघा ना तुम्ही!

रविवारी आम्ही निघालो. वंदनाला न सांगता मी पिशवीत पेढे, नारळ आणि गजूसाठी टोपी-दुपट्टा घेतला. बेत असा, की पाहुणे यायच्या आत साळ्याला कोपऱ्यात गाठायचं, मान द्यायचा, माफी मागायची, विषय संपवायचा. पण जीपवाल्याला सीट भरल्याशिवाय निघायचं नव्हतं. पोचलो तेव्हा उंद्रीचे पाहुणे बैठकीत बसले होते, हातात पोह्याच्या प्लेटा.

वंदना सरळ आत गेली. समोर गजू उभा, नवा शर्ट, केस चापूनचोपून बसवलेले. मला पाहून त्यानं मान खाली घातली. आता उपवर मुलगा पाहुण्यांसमोर लाजणारच की! पण मला वाटलं, तोंड फिरवलं यानं. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यात दुपट्टा टाकला, डोक्यावर टोपी ठेवली आणि त्याचे हात धरले.

"गजू, मले माफ कर! त्या राणीच्या नादी मी लागाले नव्हतं पाह्यजे!"

बैठकीतला चमच्यांचा आवाज थांबला.

"कोनती राणी, भाऊजी?" गजू म्हणाला.

मला वाटलं, चारचौघांत बिचारा सांभाळून घेतोय. म्हटलं, आता मन मोकळं करूनच टाकू!

"अबे, पूर्वेकडची! आधी तुयाच डोळा होता ना तिच्यावर? मले ठाऊक होतं. तुले शब्दही दिला होता. तरी तुया पाठीमागं मी तिच्याशी संधान बांधलं!"

मुलीच्या वडिलांनी, विश्वासरावांनी, प्लेट खाली ठेवली. आतून वंदना आली, हातात पाण्याचा तांब्या.

"कोन राणी, अहो?"

आणि मी काय बोललो असेन? ऐका. मी म्हणालो, "तू नको पडू यात. तुले माहीत नाही ती. मोबाइलवर ओळख झाली आमची, पोळ्यापासून!"

तांब्या तिथेच खाली आला. दणकन!

"म्हणजे पोराचंबी आन् जवायाचंबी?" विश्वासराव सासऱ्यांकडे वळले. "एकाच बाईशी?"

"तसं नाही हो!" मी घाईघाईनं त्यांना समजावायला गेलो. "माया तर संबंध संपला. कालच तिले निरोप धाडला. आता ती गजूची! गजू, खुशाल घे तिले, मी आडवा येत नाही!"

विश्वासराव उठले. "चाला, निघतो आमी."

"अहो, बसा, बसा!" सासरे दारात आडवे. मग माझ्याकडे वळून हळूच, "जवाईबापू, तब्येत बरी आहे ना तुमची?"

मला अजूनही कळेना, एवढं काय झालं! मी खिशातून मोबाइल काढला आणि गजूपुढे धरला. "हे तूच लिहिलं ना? घराण्यांत युद्ध म्हणून?"

गजूनं वाचलं. पुन्हा वाचलं. आणि टोपी-दुपट्ट्यासकट खाली बसला, पोट धरून! हसतोय, हसतोय, डोळ्यांत पाणी.

"भाऊजी, हा खेळ म्या सोयाबीन काढाले सुरुवात झाली तवाच सोडला! मोबाइलबी वावरात पाण्यात पडला, आता नवा घेतला. आपण चाली नाही केल्या, का आपल्या जागेवर कंप्युटर बसते. तोच खेळून राह्यला इतके दिवस!"

"आणि तो चेहरा?"

"त्याचाच!"

"आणि राणी?"

"तीबी कंप्युटरच ना!"

म्हणजे लक्षात घ्या. माझ्यावर रागावलेलं कोणी नव्हतंच! एका यंत्राचं माझ्याबद्दल मत खराब झालं, म्हणून मी चिखलीहून पेढे घेऊन त्याची समजूत काढायला आलो होतो. तेही भलत्याच माणसाला टोपी घालून!

विश्वासरावांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा लावला. राणीवर बोट ठेवलं, पाहिलं. गजूच्या आंबट चेहऱ्यावर बोट ठेवलं, पाहिलं.

"म्हणजे पोरानं सोयाबीनसाठी खेळ सोडला?"

"हाव," गजू म्हणाला.

"आन् जवायानं नाही सोडला."

मी गजूच्या डोक्यावरची टोपी सारखी करू लागलो.

"पोरगा कामाचा आहे," विश्वासराव सासऱ्यांना म्हणाले आणि पुन्हा बसले. "साक्षगंधाची तारीख धरा. जवायाचं काय ते तुमी पाहा."

साखरपुडाच ठरला म्हणा ना! असा आनंद झाला घरात! पेढे तयारच होते. सासऱ्यांनी आग्रहानं आम्हाला दोन दिवस ठेवून घेतलं, आणि मला तर मोबाइल हातात घ्यायची सोयच नव्हती. घेतला की कोणीतरी विचारायचं, "राणी काय म्हणते?"

चिखलीला परत आल्यावर चोरून खेळ उघडला. बघतो तर काय! मी चाली केल्या नव्हत्या, म्हणून माझ्याही जागेवर कंप्युटर बसलेला. आणि त्यानं काय करावं? गजूशी तह! उत्तरेच्या राजाशी दोस्ती! राणीशी पुन्हा व्यापार! जिकडे बोट ठेवावं तिकडे हसरा चेहरा. मी जागेवरून उठल्याबरोबर सगळ्या दुनियेचं माझ्याबद्दलचं मत सुधारलं होतं!

मागून वंदना कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. तिनं ते सगळे हसरे चेहरे नीट पाहून घेतले.

"अहो," ती म्हणाली, "हा कंप्युटर साक्षगंधाले तुमच्या जागी येईन का? विचारून तर पाहा!"