फाइलीच्या माथ्यावरचं नाव

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही, नाशिकच्या जुन्या मित्रांना तर नाहीच — त्यांच्यातले काही जण मला अजून मानतात. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. हाही भित्रेपणाच म्हणायचा का? असेल. पण आता सांगायला बसलोच आहे.

आधी मी कोण होतो ते ऐका. इंजिनीअरिंगला असताना मी मुक्त सॉफ्टवेअरवाला होतो. नुसता वापरणारा नव्हे — कट्टर. मामांनी घरच्या कॉम्प्युटरवर एका सॉफ्टवेअरची चोरीची कॉपी टाकली म्हणून ऐन दिवाळीत त्यांच्याशी भांडलो होतो, फराळाचं ताट तसंच ठेवून उठलो होतो. आई रडली होती. मला त्याचा अभिमान वाटला होता — तत्त्वासाठी आईला रडवणारा मुलगा! कॉलेजा-कॉलेजांत जाऊन मी भाषणं द्यायचो. ‘फुकट नव्हे, मुक्त’ हे माझं ठरलेलं वाक्य. सांगायचो, शेजारणीने तुम्हाला तिची आमटी शिकवली. तुम्ही ती करा, गूळ वाढवा, खानावळ काढून विका, तिची काही हरकत नाही. फक्त ही आमटी मीच शोधली असं म्हणू नका, आणि दुसऱ्याने विचारली तर त्यालाही शिकवा. झालं, एवढंच आमचं तत्त्वज्ञान. टाळ्या पडायच्या.

रत्नागिरीच्या एका कॉलेजात अशाच भाषणानंतर फैयाज मला भेटला. दाभोळचा. अंगाने किडकिडीत, बोलताना आधी हसायचा आणि मग शब्द काढायचा. त्याचे चाचा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे. कुठली व्हॅन कुठल्या आळीतून न्यायची, कुणाला आधी घ्यायचं, एक गाडी बंद पडली तर तिच्यातली मुलं कशी वाटायची, यासाठी त्याने एक प्रोग्रॅम लिहिला होता. मी तिथेच बाकावर बसून वाचला. इतकं स्वच्छ काम मला स्वतःला कधी जमलेलं नव्हतं — हे मी तेव्हाही जाणून होतो. त्याने विचारलं, हा कुणाला विकू का सर? मी म्हटलं, विकतोस काय, मोकळा सोड. कुणीही घेऊ दे. फक्त प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर तुझं नाव लिही आणि अटी लिही.

त्याने तसंच केलं. प्रत्येक फाइलीच्या वर त्याचं नाव, गावाचं नाव, खाली अटी, आणि त्याखाली स्वतःची एक ओळ — ‘दाभोळच्या पोरांसाठी’. अख्खं गाठोडं मला पाठवलं आणि इंटरनेटवरही टाकलं.

पुढे मी कतारला, दोह्याला आलो. वेस्ट बेमध्ये काचेची इमारत, गळ्यात पट्टा, ऑफिसात इतका एसी की मे महिन्यात स्वेटर. आयटीत लोक काहीतरी घडवतात असं तुम्हाला वाटत असेल, तर मी बारा गावचं पाणी पिऊन सांगतो, आम्ही बहुतेक वेळ दुसऱ्यांनी घडवलेलं जोडतो. कुठल्याशा देशातल्या, कधी न भेटलेल्या माणसांनी फावल्या वेळात लिहून मोकळं सोडलेलं काम घ्यायचं, त्यावर आपला रंग मारायचा आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं. सगळ्या कंपन्या यावरच जगतात. हे पाप नाही. त्या माणसांनीच घ्या म्हटलंय. नाव ठेवा, एवढंच म्हटलंय.

आमच्याकडे एका मोठ्या कंत्राटदाराचं काम आलं. इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पांमध्ये त्याचे हजारो कामगार राहायचे, त्यांना बसने साइटवर न्यायचं-आणायचं. त्या बसांचं नियोजन करणारं सॉफ्टवेअर हवं होतं. मॅनेजरसमोर मी छाती ठोकून सांगितलं, मी करतो. आणि मला ते येईना. साहेब रोज विचारायचे, कुठवर आलं? मी रोज इथल्यासारखं म्हणायचो, यल्ला, चला, झालंच. मग फैयाजचं गाठोडं आठवलं. व्हॅनींच्या बसा झाल्या, आळ्यांचे कॅम्प झाले, शाळांच्या साइटी. पोरांच्या जागी माणसं. कुठे काही अडलंच नाही.

आणि हे मला करता येत होतं! उघडपणे. साहेबांना इतकंच सांगायचं होतं की पाया दुसऱ्याचा आहे, मोकळा आहे, नाव ठेवावं लागेल. फार तर गिऱ्हाइकाला विचारावं लागलं असतं. पण मी करतो म्हणालो होतो ना मी? मी एक कमांड लिहिली आणि सगळ्या फायलींच्या माथ्यावरून ते नाव, ते गाव, ती ओळ एकदम गेली. तिथे कंपनीचं नाव आलं. खाली ‘लेखक’ म्हणून माझं. जे मला कुणीही आनंदाने दिलं असतं, ते मी चोरलं. मामांशी भांडलेला मी.

साहेब खूश झाले. मला बढती मिळाली, बायको-मुलांना घेऊन मुऐदरला मोठ्या घरात राहायला गेलो.

इथपर्यंतचं मी स्वतःशी पूर्वीही कबूल केलंय. हे त्यातल्या त्यात सोपं आहे. पुढचं —

पुढे फैयाज इथे आला. नात्यातल्या कुणीतरी व्हिसाचं बघितलं होतं, नोकरी शोधत होता. मीच त्याला आमच्या कंपनीत चिकटवलं. का? फेड करतोय असं वाटलं असावं. किंवा तो समोर असला की आपण चांगले आहोत असं वाटायचं — तो मला सर म्हणायचा ना. थोड्याच दिवसांत त्याने ते सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. दुपारी खाली कडक चहा प्यायला गेलो तर आधी हसला आणि मग म्हणाला, “सर, ह्यो माझाच हाय ना?”

मला वाटलं, संपलं. पण तो रागावला नव्हता हो. तो खूश झाला होता. दाभोळच्या व्हॅनी दोह्यात धावतायत म्हणून घरी फोन करून सांगणार होता. मी म्हटलं, नावं वकिलांनी काढायला लावली रे, पुढच्या वेळी घालू परत. तो म्हणाला, “इन्शाल्ला.” विषय संपला. त्याच्यासाठी.

मग एका शुक्रवारी आमच्या घरी चार मराठी कुटुंबं जमली होती आणि मोठ्या मुलांना मी माझं नेहमीचं भाषण देत होतो. होय, तेव्हाही देत होतो. आमटी, शेजारीण, सगळं. मुलं इंग्रजीत प्रश्न विचारत होती, फैयाज कोपऱ्यात बसून मान डोलावत होता. बोलण्याच्या भरात मी त्याला विचारलं, तुझं ते काम अजून आहे का रे नेटवर? तो म्हणाला, ती साइट कधीच बंद पडली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, मग टाक की परत! असं काम लपवून ठेवायचं नसतं.

त्याने टाकलं. जुन्या तारखांचा इतिहास त्याच्याकडे उरला नव्हता, पेनड्राइव्हवर नुसत्या फायली होत्या. आपल्या नावासकट त्या नव्याने चढवल्या. थोड्याच दिवसांत कंत्राटदाराच्या तपासणीत ते सापडलं. त्यांच्या सॉफ्टवेअरसारखंच, ओळीला ओळ, इंटरनेटवर उघडं पडलेलं — वर आमच्याच कंपनीतल्या माणसाचं नाव आणि तारीख परवाची.

फैयाजला आत बोलावलं. तो म्हणाला, हे माझं कॉलेजातलं काम आहे, सरांना विचारा, त्यांना ठाऊक आहे. मग मला बोलावलं. केबिन काचेची. बाहेर आपल्या खुर्चीत बसलेला तो मला दिसत होता. मी आत जाताना त्याने हात वर केला होता — आता सर आले, आता मिटेल, असा.

साहेबांनी एवढंच विचारलं, तो म्हणतो ते खरं आहे का?

मी म्हटलं, नाही, हे मी लिहिलंय.

तिथे तरी थांबावं ना? साहेबांनी पुढे काही विचारलंही नव्हतं. पण मी आपणहून बोललो. म्हणालो, या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं एक खूळ असतं, दिसेल ते जगापुढे मांडायचं. त्याचा हेतू वाईट नसेल. या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं! जणू मी त्यांच्यातला कधीच नव्हतो. आणि ते म्हणताना माझा आवाजही कापला नाही.

बाहेर येऊन फैयाजला सांगितलं, मी खूप सांगून पाहिलं रे, ऐकत नाहीत.

त्याने लगेच विश्वास ठेवला. माझ्या मागे मागे लिफ्टपर्यंत आला आणि म्हणाला, “सर, तवा मी तुमाला पाठवलेला होता ना? तुमच्याकडं असंल. तारखेसकट असंल.” त्याचा कॉलेजचा कॉम्प्युटर खाऱ्या हवेने केव्हाच गेला होता. तारखांसकटचं ते गाठोडं आता जगात एकाच ठिकाणी असू शकत होतं. मी म्हटलं, शोधतो.

मी शोधलं. हेच मला कुणाला सांगता आलेलं नाही. कपाटातला जुना लॅपटॉप काढला, चार्जर लावला. बायको स्वयंपाकघरात होती, मुलं टीव्हीपुढे. झाकणावरची माझी स्टिकरं अजून तशीच होती. गाठोडं जागेवर होतं. पहिल्या दिवसापासूनच्या तारखा, प्रत्येक बदल, प्रत्येक फाइलीवर त्याचं नाव. ‘दाभोळच्या पोरांसाठी’. हे दुसऱ्या दिवशी टेबलावर ठेवलं असतं तर तो सुटला असता. माझी नोकरी गेली असती, बहुधा. मुलांच्या शाळा सुटल्या असत्या, नाशिकला परत, लोकांची तोंडं. हे सगळं माझ्या डोक्यात होतं का? होतं. पण खरं सांगू? सगळ्यात मोठी भीती ही होती की फैयाजला कळेल. तो मला सर म्हणायचं थांबवेल. त्या एका गोष्टीसाठी मी ते गाठोडं पुसलं. मग पुसलेलंही परत मिळू नये अशी व्यवस्था केली — ते मला चांगलं येतं. बायकोने जेवायला हाक मारली. मी गेलो, जेवलो.

फैयाजला म्हटलं, नाही सापडलं रे.

कंपनीने त्याला सांगितलं, गुपचूप राजीनामा दे, नाहीतर पोलिसांत देऊ. तो घाबरला. नुकतीच त्याने बायकोला, रुबिनाला, आणि मुलीला आणलं होतं. मुलीला शाळेत प्रवेश मिळाला होता, गणवेशही शिवून झाला होता. त्याने राजीनामा दिला, नेटवरचं कामही काढून टाकलं, आपल्याकडच्या फायलीही त्यांच्यासमोर पुसल्या. व्हिसा रद्द, खलास. विमानतळावर त्यांना मीच सोडलं. आग्रहाने. मुलीने मागच्या सीटवर शाळेचा गणवेश घातला होता. तोच हवा म्हणून हटून बसली होती म्हणे. उतरताना रुबिनाने माझ्या हातात डबा दिला — घरातला तांदूळ, नारळ संपवायचा होता म्हणून सांदणं केली होती. आणि फैयाजने मला मिठी मारली.

“तुमी नसतात तर केस झाली असती, सर,” तो म्हणाला. “अल्ला तुमचा भला करो.”

सांदणं आम्ही घरी खाल्ली. माझ्या मुलीला फार आवडली. मीही खाल्ली, घशात अडकली वगैरे काही नाही. चांगली झाली होती.

त्या बसा अजून धावतात. कधी कामाने एशियन टाउनकडे गेलो की रांगेने उभ्या दिसतात. खिडक्यांना डोकं टेकून झोपलेली माणसं, प्रत्येक बस बरोबर आपापल्या वाटेला लागते. काम उत्तमच आहे ते.

फैयाज आता दाभोळला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. त्याच्या नावापुढे चोरीचा बोभाटा झाला, आखातातल्या कुठल्या कंपनीने परत घेतलं नाही. गेल्या ईदला त्याचा मेसेज आला. व्हॅनींचा प्रोग्रॅम त्याने आठवून आठवून पहिल्यापासून पुन्हा लिहिला होता आणि मोकळा सोडला होता. बघा ना सर, म्हणून दुवा पाठवला होता. मी उघडला. फाइलीच्या माथ्यावर त्याचं नाव, गाव, अटी. ‘दाभोळच्या पोरांसाठी’ ती ओळही होती. आणि तिच्या खाली एक नवी ओळ — दुसऱ्याचं नाव पुसायचं नसतं हे ज्यांनी शिकवलं, त्या सरांचे आभार. पुढे माझं पूर्ण नाव.

मी त्याला ईद मुबारक लिहिलं. ती ओळ काढ, असं लिहिलं नाही. अजूनही लिहिलेलं नाही.

त्याच्या फाइलीवर माझं नाव आहे. माझ्या फाइलीवरही माझंच आहे.