एका गोळीत सगळं

औषधाच्या दुकानात तीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलेला माणूस निम्मा डॉक्टर होतो, असं त्याला वाटायचं. गल्लीलाही वाटायचं. म्हणून सगळे त्याला ‘डॉक्टर’ म्हणायचे, आणि हा पठ्ठ्याही खुशाल ओ द्यायचा. व्हिटॅमिनच्या गोळ्यांवर तर त्याचा भारी जीव. “किलोभर भाज्या चावत बसायचंय कशाला? एका गोळीत सगळं येतं. लेबल वाचा की, शंभर टक्के!” हे त्याने गिऱ्हाइकांना दातांच्या कण्या करून सांगितलेलं.

घरी दोन खोल्या, त्यात तो आणि त्याची थोरली ताई. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच त्याला लहानाचं मोठं केलं. त्या नादात तिचं स्वतःचं सगळं राहून गेलं. तो सकाळीच दुकानात जायचा, दुपारी तिथेच खायचा आणि परत येईपर्यंत ताई आडवी झालेली असायची. पण काळजी होती हं त्याला! रोज अकराच्या ठोक्याला फोन.

“ताई, गोळी घेतलीस?”

“घेतली रे बाबा, घेतली.”

झालं. डॉक्टर खूश.

वर्षभरात ताई सुकत गेली. चपला पायातून निसटायला लागल्या. त्याने एक गोळी वाढवली, मग आणखी एक. शेवटी ती न्हाणीघराच्या दारात कोसळली. हॉस्पिटलमधल्या खऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “या जेवतात काय?”

त्याने घडाघडा सांगितलं. सकाळी ही गोळी, दुपारी ती, इतके मिलिग्रॅम.

“गोळ्या नाही विचारल्या. जेवतात काय?”

त्याला ठाऊकच नव्हतं. एका घरात राहून ठाऊक नव्हतं.

बाईंनी ताईचं तोंड उघडून दाखवलं. कवळी हिरड्यांत रुतून जखमा झालेल्या. किती महिने ती चहात बिस्किटं बुडवून दिवस काढत होती, देव जाणे. “गोळ्या वाईट नाहीत,” बाई म्हणाल्या, “पण ती जेवणाला जोड. डाळीत, अंड्यात, भाजीत जे एकत्र मिळतं, ते गोळीत मावत नाही. यांच्या अंगात मांसच उरलं नाही हो.”

“अगं, दुखतंय म्हणून सांगायचं नाही का?” तो ताईच्या अंगावर ओरडलाच.

“तूच म्हणालास ना, गोळीत सगळं येतं,” ताई म्हणाली. “मग म्हटलं, दात हवेत कशाला?”

आठवड्याने ती गेली.

तेव्हापासून दुकानात गोळ्यांच्या पाकिटाला कात्री लावली, की कानाशी स्पष्ट आवाज येतो, “घेतली रे बाबा, घेतली.” तो दचकून मागे बघतो. मागे नुसती कपाटं. जेवायला बसलं की समोरच्या खुर्चीवर कुणीतरी तोच तो घास हिरड्यांनी घोळवत बसलंय, असं वाटतं आणि त्याचा घास घशाखाली उतरत नाही. वेड लागलं म्हणा हवं तर. तो स्वतःच तसं म्हणतो.

परवा शिवणकाम करणारी शेजारीण आली. “डॉक्टर, आईच्या त्याच गोळ्या द्या.”

“आई जेवते का?” त्याने विचारलं.

ती हसली. “आता कुठलं जेवण? तुम्हीच नाही का सांगितलं, एका गोळीत सगळं येतं म्हणून?”

त्याने काढलेलं पाकीट परत कपाटात ठेवलं. “आज गोळ्या नाहीत. घरी जा, भाजी मऊ शिजवून समोर बसून भरव तिला. आणि तोंडात काही दुखतंय का ते बघ,” एवढंच कसंबसं बोलला. मग एकेक चेहरा आठवायला लागला. कितीजणांना सांगितलं होतं हे? गल्लीतल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्या, एकट्या माणसांना!

भरदुपारी त्याने शटर ओढलं आणि चालत सुटला. पहिलंच घर एकेकाळी टपाल वाटणाऱ्या म्हाताऱ्या काकांचं. दार उघडायला त्यांना इतका वेळ लागला, की त्याने तीनदा कडी वाजवली. काकांचा शर्ट खांद्यांवरून नुसता लोंबत होता. पण डॉक्टरला बघून त्यांचा चेहरा फुलला.

“या, या! तुमचे उपकार कसे फेडू?” काका म्हणाले. “चार महिने झाले, गॅस पेटवावा लागला नाही बघा.”