लायसनचा लाल धागा

आमच्या घरात कुठला कागद कधी संपतो ते मला विचारायचं, असा रिवाजच पडला आहे. स्कूटरचा विमा, बायकोचा पासपोर्ट, पोरीचा बसचा पास, सगळ्यांच्या तारखा माझ्या फोनात. प्रत्येक तारखेला तीन घंट्या: दोन महिने आधी, पंधरा दिवस आधी आणि आदल्या दिवशी. घंटी वाजली की हातातलं सोडून मी त्या कागदामागे लागतो. काम उरकलं की तासभर बरं वाटतं, मग पुढच्या तारखेची धास्ती. बायको म्हणते, "तुमी कागदं नाही सांभाळून राहिले, कागदंच तुमाले नाचवून राहिले."

फोन येण्याआधी हे काम बाबांकडे होतं. आजोबा उमरेडचे विणकर. मागावरचं लुगडं कुठे संपणार ती खूण म्हणून ते ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, लाल धागा बांधायचे. बाबा मागावर बसले नाहीत, त्यांनी कोराडीला वीजकेंद्राच्या कामगारांची बस चालवली, पण धागा सोडला नाही. ज्या कागदाची मुदत यंदा संपणार, त्याच्या प्लास्टिकच्या कव्हराला लाल धागा. कागदांची थैली उघडली की धागे बाहेर लोंबायचे आणि मला लाज वाटायची. एका दिवाळीच्या साफसफाईत मी कात्रीने सगळे धागे कापले. म्हणालो, "बाबा, आता हे सगळं माह्या फोनात. तुमी निवांत राहा." आणि ते खरोखरच निवांत झाले.

पुढे एकदा बाबा माझ्या पोरीला शिकवणीहून स्कूटरवर आणत होते. हुडकेश्वर रोडवर उजवीकडून आलेला ऑटो त्यांना दिसलाच नाही. पोरगी किंचाळली म्हणून दोघं वाचली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूचं दिसणं गेलंय, ते परत येत नाही, गाडी बंद करा. बाबांनी मान हलवली आणि बाहेर येऊन म्हणाले, "समोरचं तं साफ दिसून राहिलं मले. डॉक्टर लोक घाबरवतेच."

मी स्कूटरची बॅटरी काढून ठेवली आणि खराब झाली म्हणून थाप मारली. त्याच आठवड्यात फोन वाजला: बाबांचं लायसन, दोन महिने बाकी.

लायसनची मुदत वाढवायला डॉक्टरचा दाखला लागतो. बाबांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते, ते भिंतीवरचा तक्ता वाचून घेत आणि सही करून देत. तक्ता समोर असतो, बाबांनी तो घडाघडा वाचला असता. मात्र मुदत संपून वर्ष उलटलं तर आरटीओत गाडी चालवून दाखवावी लागते, आणि त्यात बाबा टिकणार नव्हते. मी घंटी बंद केली. दुसरी वाजली, तीही बंद केली. तिसरी वाजायच्या आधीच पुसून टाकली.

ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच ठाऊक. बाबा थैलीच्या कपाटाजवळ गेले तरी मी काहीतरी निमित्त काढून आडवा जायचो. रोज सकाळी ते बंद स्कूटर फडक्याने पुसायचे आणि विचारायचे, "आली काय गा बॅटरी?" मी रोज नवी थाप शोधायचो. ज्या माणसाने बसभर माणसं जन्मभर सुखरूप पोचवली, त्याला 'तुमाले दिसत नाही' म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. भित्रा होतो, दुसरं काय.

शेवटी त्यांनी शेजाऱ्याला सांगून बॅटरी आणवली. त्या संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर थैली पलंगावर उलटी केलेली आणि बाबांच्या हातात लायसन.

"वर्षाच्या वर झालं संपून. काहून नाही सांगतलं गा?"

"राहून गेलं, बाबा."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. "होते कधी कधी. तुले बी किती कामं," एवढंच म्हणाले. बिनकागदाची गाडी त्यांनी कधी चालवली नव्हती. स्कूटरची किल्ली त्यांनी खिळ्याला अडकवली. गाडी चालवून दाखवायचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

पुढच्या रविवारी ते लाल दोऱ्याचं रीळ घेऊन पलंगावर बसले. "आता तुह्या फोनाचा भरोसा नाही," म्हणाले. घरातले सगळे कागद मागवले. पहिलं हाती आलं ते माझंच लायसन, यंदाच संपणारं. तेवढ्यात रीळ मांडीवरून घरंगळलं आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याला टेकून थांबलं. बाबा समोरची चादर चाचपत राहिले.

"कुठी गेला गा धागा?"

 मी रीळ उचलून त्यांच्या हातात दिलं.

"कुठी होता?"

"पलंगाखाली गेला होता," मी म्हणालो. "मले बी लवकर दिसला नाही."

त्यांनी कव्हराला धागा ओवला आणि गाठ मारली, न पाहता, एकदम पक्की. लायसन माझ्याकडे देत म्हणाले, "तू तारखा विसरते, तुले समोरचं दिसत नाही. एकडाव डोळे दाखवून घे बाबू, उशीर नको करू."

"हो बाबा," मी म्हणालो, आणि त्यांच्यासमोरच फोनात डोळे दाखवायची तारीख टाकली.