मी न शिवलेली शिलाई

मंगळवार, दिवाळीनंतरचा. जागा : उरवडे, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारी एक कंपनी. हजर : मी, मंगल, वय सेहेचाळीस, माझ्याबरोबर शिवण-ऑपरेटरचा कोर्स पूर्ण केलेली रेश्मा, आमच्या लाईनच्या प्रमुख शोभाताई, आणि सुपरवायझर साहेब. गैरहजर : सुमनबाई. याच लाईनवर शिवायच्या, यंदाच्या पावसाळ्यात आजारपणात वारल्या. तरी त्यांचं नाव इथे घ्यावंच लागतं, कारण पुढचं सगळं त्यांच्या मशीनवर घडलं.

आधी माझी बाजू सांगते. मी दाराला लिंबू-मिरची बांधत नाही. नवीन काम अमावास्येलाही सुरू करते. मांजर आडवं गेलं तर ब्रेक मारते, तो मांजरासाठी. घरी फ्रिजवर रोजच्या कामांची यादी लावलेली असते, झालेल्या कामावर रेघ मारते... असल्या गोष्टींना त्या यादीत कधी जागा नव्हती.

नोकरी मात्र मला हवीच होती. माणमध्ये, आयटी कंपन्यांच्या जवळ, आमच्या खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत, घर व्यवस्थित चालतं. म्हणून कोर्सला नाव घातलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "आयटीतल्या पोरांचं भाडं येतंय की. या वयात तुला ठेवणार कोण?" कोर्स झाला, सर्टिफिकेट मिळालं, आणि तीन कंपन्यांनी माझं शिवण बघायच्या आधी जन्मसाल बघितलं. ही चौथी. इथल्या साहेबांनी निदान स्पष्ट सांगितलं, "शनिवारपर्यंत ट्रायल. शनिवारी शोभाताई तुमची शिलाई बघतील. पास झालात तर घेतो, नाहीतर नमस्कार."

जागा दोन होत्या. एक लाईनच्या मध्ये, एक खिडकीजवळ. रेश्मा चटकन मधल्या खुर्चीवर जाऊन बसली.

"काकू, तिकडे तुम्ही बसा ना. त्या मशीनवरून दोन मुली सोडून गेल्यात म्हणे."

शोभाताई चहा संपवत म्हणाल्या, "ती सुमनबाईची मशीन हाय. दुसऱ्या कुणाचा हात धरत न्हाई. बघा, न्हाई जमलं तर सांगा."

"मशीनला तेल लागतं, ताई. हात आपण आपला आणायचा," मी म्हटलं आणि बसले.

आमच्या कामात दोन पद्धती पक्क्या आहेत. सकाळी काम सुरू करायच्या आधी चिंधीवर वीतभर शिलाई मारून लाईनच्या प्रमुखाला दाखवायची. आणि संध्याकाळी निघताना एक कोरी चिंधी मशीनच्या कापड दाबणाऱ्या फूटखाली ठेवायची, म्हणजे फूट आणि खालचे लोखंडी दात एकमेकांवर घासत नाहीत. मंगळवारी निघताना मीही चिंधी ठेवली. कोरी.

बुधवारी सकाळी फूट उचलला, तर चिंधीवर शिलाई होती. सरळ, एकसारखी, सुरुवातीला तीनदा मागे-पुढे केलेले टाके. टाका सुटू नये म्हणून कोर्समध्ये आम्हाला एकदाच मागे-पुढे करायला शिकवलं होतं.

नव्या माणसाची चेष्टा सगळीकडेच होते. "कुणी केलंय?" मी मोठ्याने विचारलं. कुणी हसलं असतं तर प्रश्न मिटला असता. शोभाताईंनी चिंधी हातात घेतली, टाके नखाने ओढून बघितले, उजेडाकडे धरली.

"तीनदा मागं-पुढं करायची सवय एकीचीच व्हती," एवढंच बोलल्या.

मला ते पटलं नाही. गुरुवारी सकाळीही तशीच शिलाई होती, म्हणून संध्याकाळी मी मशीनवरचा दोरा काढला, बॉबिन काढली, सुई काढून साहेबांकडे जमा केली. त्यांनी ती आपल्या खणात ठेवून कुलूप लावलं.

"काय मंगलताई, माझ्यावरही संशय?"

"सगळ्यांवर आहे, साहेब. तुम्ही एकटे नाही."

सध्या एकच शिफ्ट चालते. सगळ्या बायका माझ्यासमोर कंपनीच्या बसमध्ये चढल्या, वॉचमनने शेडला कुलूप घातलं, मग मी स्कूटी काढली. शुक्रवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि कुलूप माझ्यासमोर उघडायला लावलं. मशीनला सुई नव्हती. दोरा नव्हता. चिंधीवर शिलाई होती... राखाडी दोऱ्याची. त्या आठवड्यात आमच्या लाईनवर फक्त काळा दोरा होता.

मी खुर्चीवर बसले आणि बाटलीतलं सगळं पाणी एका दमात प्यायले. रेश्माने बघितलं.

"काकू, सोडा ही नोकरी. दुसरी मिळेल."

"तीन ठिकाणी जिवंत माणसांनी नाही म्हटलं. आता मेलेल्या माणसाला घाबरून घरी जाऊ?"

साहेबांनी खणातून सुई काढून दिली. मी ती लावली, काळा दोरा ओवला आणि दिवसभर शिवलं. सरळ शिलाई बरी येत होती. सीटच्या वळणावर मात्र कापड ओढलं जात होतं, आणि वळण आलं नाही तर शनिवारी घरी जावं लागेल हे मला कळत होतं.

शनिवारी मी हात धुऊन येईपर्यंत शोभाताई माझ्या मशीनपाशी उभ्या होत्या. फूटखालची चिंधी त्यांच्या हातात होती. या वेळी तिच्यावर वळणाची शिलाई होती, हुबेहूब सीटच्या कडेसारखी, कुठेही न ओढलेली.

"साहेब, पास हाय ही. घ्या हिला."

साहेबांनी पेन काढलं. शोभाताईंना माहीत होतं ती माझी शिलाई नाही. मलाही माहीत होतं. गप्प बसायचं होतं, एवढंच.

"साहेब, ही मी शिवलेली नाही."

शोभाताईंनी माझा दंड धरला. "गप ऱ्हावा की. ती देतीया तर घ्यावं माणसानं."

"मला माझ्या शिलाईवर घ्या. नाहीतर नका घेऊ."

मी बसले, नवी चिंधी घेतली. आणि मशीन चालू करायच्या आधी सगळ्यांदेखत बोलले. माझ्यासारख्या बाईने रिकाम्या जागेशी बोलावं हे आजही पटत नाही, पण बोलले. "सुमनबाई, सर्टिफिकेट माझं आहे. शिकवायचं असेल तर शिकवा. माझ्या जागी शिवू नका."

साहेब उगाच पंख्याकडे बघत राहिले. मी वळण शिवलं. शोभाताईंनी ते उलटं-सुलटं करून बघितलं, नखाने ओढलं, पुन्हा ओढलं.

"वळणावर जरा नागमोडी गेलीया," त्या म्हणाल्या. "पर टाका सुटत न्हाई. ठिवा हिला."

घरी येऊन फ्रिजवरच्या 'नोकरी' या ओळीवर रेघ मारली. ह्यांनी ती बघितली आणि न सांगता स्कूटीत पेट्रोल भरून आणलं.

सोमवारी फूटखाली पुन्हा शिलाई होती, पण अर्धीच. सुरुवातीला तीनदा मागे-पुढे, राखाडी दोरा, सरळ जाऊन वळणाच्या तोंडाशी थांबलेली. शेवटी टाके पक्के केलेले नव्हते, दोऱ्याची टोकं तशीच मोकळी. पुढची चिंधी कोरी. त्यानंतर आजपर्यंत रोज सकाळी मला चिंधी कोरीच मिळते.

मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला सुईशिवाय टाका पडूच शकत नाही. ते मलाही ठाऊक आहे. साहेब विषय बदलतात. ज्यांच्याकडे याचं उत्तर आहे त्यांनी आधी सुई काढून शिवून दाखवावं.

ती अर्धी चिंधी माझ्या मशीनच्या खणात आहे. माझी वळणं आता नागमोडी जात नाहीत. शोभाताई अधूनमधून टोकतात, "पुरी करून टाका की ती. किती दिस लोंबकळत ठिवनार?" राखाडी दोरा मी आणलाय, बॉबिन भरून ठेवलीय. चिंधी फूटखाली घेते, आणि मग वाटतं... माझ्या जागी शिवू नका, असं मीच चारचौघांत बजावलं होतं. आता त्यांच्या शिलाईला माझा टाका कसा जोडू?

फ्रिजवर रोज नवी यादी लागते. त्यात 'राखाडी चिंधी, वळण' ही ओळ मी दररोज पुन्हा लिहिते. तिच्यावर अजून रेघ मारलेली नाही.