आईनं जपानात सुकट घेतली

हो. मरायला टेकलेल्या आईला मीच जपानला नेलं.

आज तिचं वर्षश्राद्ध झालं. महाळुंगे पडवळला घरासमोर पंगत बसली होती. मी आमटी वाढत होते आणि पाठीमागून ऐकू आलं,
"लेकीनं इमानात घालून हाल केलं. न्हाईतर बाई अजून वर्स-दोन वर्स जगली असती की."

तोंडावर बोलायला काय झालं होतं राव?

तेव्हा हातात आमटीची बादली होती म्हणून गप्प बसले. आता हातात फोन आहे, आणि या ग्रुपवर तुम्ही सगळे नातेवाईक आहात.

तर ऐका.

मी जपानमध्ये वृद्धाश्रमात नोकरी करते. आईला कॅन्सर निघाला तेव्हा सुट्टी टाकून घरी आले. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला येणारा प्रत्येक जण सोबत एक पथ्य घेऊन येतो. कुणी तिखट बंद केलं, कुणी आंबट. सुकट तर घरात आणायचीच नाही, नुसत्या वासानं दुखणं वाढतं म्हणे!

उरली मुगाची खिचडी. ताट आलं की आई भिंतीकडं तोंड करायची.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "आता फार काही करण्यासारखं नाही. मागतील ते खाऊ द्या. म्हणतील तिथं न्या."

मी आईला खरं ते सांगितलं. तिच्यापासून काय लपवणार?

ती म्हणाली, "तू ऱ्हातीस ते गाव दाव मला."

प्रवास झेपेल का, हे डॉक्टरांनी तपासून सांगितलं. मगच तिकीट काढलं. हे तुमच्यापैकी कुणी मला विचारलंच नाही.

तिथं पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिला व्हीलचेअरवर बसवून बाहेर काढलं. ट्रेनचा डबा भरलेला आणि सगळीकडं चिडीचूप. आई माझ्या कानात कुजबुजली. तिचं कुजबुजणं म्हणजे अख्ख्या डब्याला ऐकू जाणारं.

"एवढी मानसं आन आवाज न्हाई. कुनी गेलं का काय गं?"

मला हसू आवरेना.

दुपारी नूडल्सच्या हॉटेलात गेलो. सगळे वाडग्यात वाकून जोरजोरात भुरके मारत होते. आई एकदम खूश.
"चांगली मानसं हायती. खायला लाजत न्हाईत."

पण स्वतः दोन घास घेतले आणि वाडगा सरकवला. "ग्वाड लागतंय. तोंड घेत न्हाई."

एवढ्या लांब आणून मी हिला उपाशीच ठेवणार होते का?

परत येताना बाजाराची एक जुनी गल्ली लागली. आईनं नाक वर केलं.

"सुकट!"

"आई, इथं कुठली सुकट..."

"गप गं. मला शिकवती व्हय?"

आणि खरंच, कोपऱ्यावर सुक्या मासळीचं दुकान! टोपल्यांमधून बारीक कोळंबी, इवलेइवले मासे. आईनं न विचारता एक चिमूट उचलून तोंडात टाकली.

"चांगली हाय. बाई, वाटा कसा लावलास?"

दुकानदारीण म्हातारीच होती. तिनं भाव सांगितला, मी मराठीत सांगितला.

"लई सांगती. ढकल माझी गाडी म्होरं. आत्ता हाक मारंल बघ."

मी ढकलली. थोडं पुढं गेलो. हाक काही येईना.

मागं वळून बघितलं तर म्हातारी कमरेत वाकून आम्हाला नमस्कार करत होती. आईनं खुर्चीतूनच हात जोडले. ती परत वाकली. आईनं परत हात जोडले.

"आगं, ही तर बोलवीना! वळीव, वळीव गाडी!"

तिनं सांगितलेल्या भावातच घेतली. म्हातारीनं छान कागदात बांधून दोन्ही हातांनी पुडी पुढं केली. आईनं ती पदरात घेतली.

"बघ. परसादावानी देत्यात हितं. आन आपल्यात वास येतो म्हनं. येऊ दे की! खायाच्या जिनसाला वास येनारच."

खोलीवर आल्यावर ती सांगत गेली, मी करत गेले. सुकट भाजली, कांदा-लसूण परतला, तिनं कपड्यांच्या घडीत दडवून आणलेला घरचा काळा मसाला टाकला. भात तिकडचा, पण चिकट, आपल्या इंद्रायणीसारखा.

आईनं हातानं कालवून घास घेतला. मग दुसरा. मग तिसरा. मी आपली बघतच बसले.

"वाढ की. बघती काय?"

'वाढ' हा शब्द तिच्या तोंडून मी कितीतरी महिन्यांनी ऐकला. भात आणते म्हणून उठले आणि कुकरपाशी उभी राहून ढसाढसा रडले.

तिथं होती तेवढे दिवस ती जेवली. वाद घालत, नावं ठेवत, पण जेवली.

घरी परत आल्यावर ती अंथरुणाला खिळली. मामा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, उशाशी बसून होते. त्यांचाही जीव तुटत होता, मी मान्य करते. ते म्हणाले, "शांते, तिकडं गेली नसतीस तर चार दिवस जास्ती काढलं असतंस गं."

आईनं डोळे उघडले.

"गेले नसते तरी मेलेच असते, दादा. पर उपाशी मेले असते."

मामा उठून अंगणात गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. बाकीच्यांना काढायचा असेल तर माझ्या तोंडावर काढा, पंगतीत पाठीमागून नको. मला काडीचाही पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा नेईन.

श्रद्धांजली ज्यांना लिहायची त्यांनी खाली लिहा.

मी एवढंच लिहिते.

आई, तू जेवून गेलीस.